कुंडीतली माती भुसभुशीत करायची कशी आणि हात कधी लावायचा नाही: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, बाल्कनीत नाहीतर दारापुढे कुंड्या ठेवणाऱ्यांकडून एकच तक्रार फिरून फिरून येते, की माती दगड झालीय आणि झाड आहे तिथेच आहे. त्यातून निघालेले हे प्रश्न. सोपे आधी घेतलेत, किचकट शेवटी. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे परत लिहिली नाहीये, नंबर दिलाय तिथे जाऊन वाचा.

१. माती भुसभुशीत केल्याने झाड खरंच वाढतं का, की नुसतं म्हणायचं?

वाढतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती पण श्वास घेतात. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा मोकळी असते आणि त्या मोकळ्या जागेत थोडं पाणी, थोडी हवा अशी वाटणी असते. माती दाबली गेली की आधी मोठी छिद्रं बंद होतात, म्हणजे हवेचीच जागा जाते, आणि उरलेल्या बारीक छिद्रांत पाणी अडकून बसतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो, त्यामुळे गच्च ओल्या मातीत मुळं गुदमरतात, काळी पडतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो अजून ओततो.

फक्त एक आत्ताच सांगून ठेवतो. खुरप्याने वरचा थर उकरणं आणि मातीचं मिश्रणच मोकळं बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. उकरलेली माती दोन-चार पाण्यांत परत बसते. ज्यांना दर आठवड्याला उकरावं लागतं त्यांचं मिश्रण चुकलंय, खुरपं नाही.

२. माझ्या कुंडीतली माती घट्ट झालीय हे ओळखायचं कसं?

मगभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. मिनिटभर झालं तरी वर डबकं आहे तर माती घट्ट. पाणी लगेच गायब होऊन खालून धो धो आलं तर खूश होऊ नका, ते कुंडीच्या कडेच्या फटीतून सरळ खाली गेलंय आणि मधला गोळा कोरडाच आहे. दुसरी परीक्षा म्हणजे बांबूची काडी किंवा जुनी विणायची सुई, जी ओलसर मातीत चार-पाच इंच सहज जायला हवी. वर हिरवट शेवाळ धरणं, कुंडीला आंबूस वास येणं, पाणी घालूनही दुपारी पानं लोंबणं ही पण लक्षणं, पण एकट्या पानांवरून ठरवू नका.

३. किती दिवसांनी उकरायची?

ठरलेला वार वगैरे काही नाही. वर कडक पापुद्रा आला की उकरायची, बहुतेक कुंड्यांना महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरतं. पापुद्रा मुळात येतो तो पाण्याच्या माऱ्याने, पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून फवारा मारायची जी सवय असते ना, तिने. झारीने घाला आणि वर वाळक्या पानांचं दोन बोटं जाड पांघरूण ठेवा, निम्मं उकरणं वाचेल.

४. ओली असताना उकरायची की वाळल्यावर?

दोन्ही नाही, वापसा आल्यावर. शेतकऱ्याच्या घरातल्यांना हे सांगायला नको, पण फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी सांगतो. मूठभर माती दाबा, गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर वापसा आहे. गोळा फुटतच नाही, बोटाचा ठसा उमटतो तर अजून ओली आहे, थांबा. गोळाच होत नाही, नुसता धुरळा तर फार कोरडी, आदल्या संध्याकाळी थोडं पाणी द्या. चिकट माती ओली असताना ढवळली की तिचे कण एकमेकांवर लिंपले जातात आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त कडक होते, आणि ठणठणीत कोरडी असताना ढेकळाबरोबर मुळं तुटून येतात.

साधारण उन्हाळ्यात पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी वापसा मिळतो. काळी माती जास्त असेल तर अजून एखादा दिवस धरा.

५. किती खोल उकरू आणि कशाने?

खोडाभोवती चार बोटं जागा सोडूनच द्या, तिथून पुढे अर्धा-एक इंच, कडेला दोन ते तीन इंच, बास, कारण पाणी-अन्न ओढणारी तंतुमुळं वरच्या थरातच जास्त असतात. हत्यार म्हणाल तर मोठ्या कुंडीला छोटं खुरपं, लहान कुंडीला जुना काटा-चमचा एक नंबर. खुरपं खुपसून माती पलटायची नसते, हलकेच उचकटायची असते. काड्या टोचून भोकं पाडणं पण चालतं, ते खरं तर मुळांना जास्त सोसवतं.

६. आमच्याकडे शेतातली काळी माती फुकट मिळते, सगळे म्हणतात कसदार असते, मग कुंडीत दगड का होते?

कसदार असतेच. नाशिकच्या खाली बेसाल्टचा काळा खडक आहे, त्याचीच झीज होऊन ही माती झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असतं, ते पण स्मेक्टाइट जातीचं, जे पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलमध्ये मोकळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. शेतात हे चालून जातं, उलट फायद्याचं ठरतं, वरची माती भेगांत पडते, खालची वर येते, पावसात परत मिटतं, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला हलवत असते आणि खाली पाणी मुरायला कितीतरी फूट जागा असते.

कुंडीत ती जागा कुठून आणायची? दहा इंचाच्या कुंडीत तीच माती वाळली की भिंतीपासून सुटून गोळा होते, आकसताना बारीक मुळं तोडते, पाणी कडेने निघून जातं, आणि पावसात फुगली की हवा संपली. म्हणून नुसती काळी माती कुंडीत कधीच नको, पण फेकू पण नका, खतातली अन्नद्रव्यं धरून ठेवायला तिच्यासारखी माती नाही. एकूण मिश्रणाच्या पाव भागापर्यंत घ्या.

ढेकळं फोडायला मोगरी घेऊन बसू नका. गच्चीवर पातळ पसरा, दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या आणि मग त्यावर पाणी शिंपडा, पूर्ण वाळलेलं ढेकूळ पाणी लागल्यावर आपोआप फुटून त्याचा रवा होतो. वापसा आला की चाळून घ्या.

त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबूस माती मिळाली तर कुंडीसाठी काळीपेक्षा सोपी, निचरा बरा असतो. पण पाथर्डी फाट्याकडे, अंबडकडे नवीन बिल्डिंगच्या खोदकामाची माती गोणी भरून आणतात लोक, त्यात मुरूम, सिमेंट, चुना सगळं असतं, ती नको.

७. काळी मातीत वाळू मिसळली की मोकळी होईल ना?

घमेलंभर मातीत ओंजळभर वाळू टाकून होत नाही, उलट बिघडतं. बारीक चिकणकण वाळूच्या कणांमधल्या जागा भरून टाकतात आणि पहिल्यापेक्षा घट्ट, जड माल तयार होतो. वाळूने फरक पडायला मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू लागते, आणि एवढी वजनदार कुंडी गच्चीवर उचलणार कोण. बांधकामाची बारीक कच तर अजिबात नको. मोकळेपणा येतो तो कुजलेल्या सेंद्रिय खताने, कारण ते चिकणकणांना एकत्र बांधून रवा बनवतं, आणि जाडसर, लवकर न कुजणाऱ्या मालाने. प्रमाण पुढच्या उत्तरात.

८. एकदाच नीट प्रमाण सांगा, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण प्रत्येकाची माती, गच्ची, पाणी वेगळं. नाशिकमध्ये मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते असं: एक भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पाऊण ते एक भाग जाडसर माल, म्हणजे भाताचं तूस, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे). मोजायला एकच डबा घ्या, वजनावर जाऊ नका. वरून बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

उघड्या गच्चीवर थेट पाऊस पडत असेल तर कोकोपीट अर्ध्यावर आणा आणि जाडसर माल वाढवा. आडोशाच्या बाल्कनीत, जिथे मार्चपासून रोज पाणी द्यावं लागतं, तिथे आहे ते ठीक. अडेनियम, कोरफड, सक्युलंट यांना अर्ध्याहून जास्त जाडसर माल. फर्न आणि मनी प्लँटला मातीशिवाय पण चालतं.

वजनाचं पण सांगतो, बारा इंची कुंडी नुसत्या ओल्या काळ्या मातीने भरली तर पंचवीस किलोच्या घरात जाते, या मिश्रणाने खूपच हलकी राहते. जुन्या सोसायट्यांमध्ये गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या असतील तर हा मुद्दा शेजाऱ्यांच्या आधी तुमच्याच लक्षात यायला हवा.

९. कोकोपीट घातलं तरी कुंडी पाणीच पीत नाही, वरून ओघळून जातं, असं का?

कोकोपीट ओलं असताना मस्त, पण एकदा का ठणठणीत वाळलं की पाणी झिडकारतं. मे महिन्यात चार दिवस गावाला जाऊन आलात की हेच होतं. वरून ओतत बसू नका, कुंडी पाण्याच्या टबमध्ये अर्ध्या उंचीपर्यंत बुडवून ठेवा, खालून पाणी चढतं, बुडबुडे थांबले आणि वरचा थर ओला दिसला की काढून निथळत ठेवा. उचलण्यासारखी नसेल तर दहा-दहा मिनिटांनी थोडं थोडं पाणी द्या, चार-पाच वेळा.

दुसरी गोष्ट, विटेसारखं दाबलेलं स्वस्त कोकोपीट बऱ्याचदा खारट असतं. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं दोन-तीनदा करून मगच वापरा. आणि त्यात अन्न जवळजवळ नसतं, त्यामुळे नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं झाड पिवळं पडलं तर दोष झाडाचा नाही.

१०. घरातलं आणि आजूबाजूचं काय काय टाकून माती मोकळी होते? तूस, भुसा, चहा, अंड्याची टरफलं, राख?

भाताचं तूस हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि चांगलं. घोटीकडे राइस मिल भरपूर, तिकडून येणारा कोणी ओळखीचा असेल तर गोणी मागवा. त्यात सिलिका जास्त म्हणून ते हळू कुजतं आणि मोकळेपणा वर्ष-दीड वर्ष टिकतो. काळं, अर्धवट जळालेलं तूस अजून छान. कच्च्या तुसात कधी चुकार दाणे असतात आणि कुंडीत भात उगवतो, उपटून टाकायचा, घाबरायचं नाही.

लाकडाचा ताजा भुसा नको. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळं पडतं. आधी कंपोस्टमध्ये सहा महिने जाऊ द्या. वापरलेली चहापावडर साखर-दूध धुऊन, वाळवून, थोडीच, नाहीतर वर थर धरून बुरशी येते आणि चिलटं होतात. अंड्याची टरफलं मातीत काही मोकळं करत नाहीत, फार हळू विरघळतात, टाकली तर टाकली. भुईमुगाची टरफलं चुरून उत्तम.

चुलीची राख मात्र आपल्या मातीत नकोच. काळी माती आधीच अल्कली बाजूला असते, राख तिला अजून तिकडे ढकलते आणि मग लोह मिळत नाही म्हणून नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं. चुना पण याच कारणाने नको. एप्सम सॉल्टने माती मोकळी होते असं फिरतंय सध्या, होत नाही, ते मॅग्नेशियमचं खत आहे.

११. कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले तर निचरा वाढतो ना? आजीपासून तसंच करतोय.

सगळ्यांच्याच घरी करतात, आणि हे सांगितलं की वाद होतो. पण बारीक कणांच्या मातीतलं पाणी मोठ्या खडीच्या थरात सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर थांबतं. ओला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबलं की तोच उभा धरा, परत पाणी गळायला लागेल. म्हणजे थराची उंची जितकी जास्त तितका निचरा बरा. खडी घातली की मातीची उंची कमी होते आणि तो कायम ओला राहणारा थर मुळांच्या अजून जवळ सरकतो. त्याच विटा फोडून मिश्रणात घातल्या तर जास्त कामाच्या.

भोकावर एक खापरी, उलटी, किंवा जाळीचा तुकडा पुरे. कुंडी फरशीवर सपाट टेकली की भोक बंद होतं, तीन बाजूला फरशीचे तुकडे लावून बोटभर उचला. निचरा होत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी एवढ्यानेच मिटतात.

१२. पूर्ण माती कधी बदलायची? आत्ता केली तर चालेल का?

झाडावर आणि महिन्यावर अवलंबून आहे. मिश्रणातलं खत कुजत जातं तशी माती खाली बसते, कुंडी दोन-तीन इंच रिकामी दिसायला लागली की समजा वेळ आली, बहुतेक दीड-दोन वर्षांनी.

मोगऱ्याचं काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, छाटणीबरोबरच. जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांचं फेब्रुवारी-मार्च, नाहीतर जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर. गुलाबाचं ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेला की, म्हणजे द्राक्षवाले गोडी छाटणीच्या गडबडीत असतात तेव्हाच आपण गच्चीवर कात्री काढायची. भाजीपाल्याचं सोपं आहे, पीक संपलं की कुंडी रिकामी करून माती हलवायची.

डिसेंबर-जानेवारीत उष्णता आवडणाऱ्या झाडांची मुळं छेडू नका. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की नाशिकची रात्र पण दहा अंशांच्या खाली जाते आणि तुटलेली मुळं भरून यायला फार वेळ लागतो. मेच्या उन्हात पण नको. अगदीच करावं लागलं तर प्रश्न १७ मध्ये सांगितलेली काळजी आधीपासूनच घ्या.

१३. पावसाळ्यात माती सतत ओली असते, मग उकरायची कधी?

नाहीच उकरायची. जुलैमध्ये वापसा येतच नाही तर काय उकरणार. बशा काढून टाका, भोकं मोकळी आहेत का बघा, कुंड्या उचलून ठेवा, काडीने मातीत भोकं पाडा एवढंच. वरच्या पालापाचोळ्याचा थर पातळ करा, गोगलगायी त्याखालीच बसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तर तेव्हा हलकं उकरून घ्या.

१४. कुंडी सिमेंटची, झाड मोठं, हलवताच येत नाही. माती बदलायची कशी?

बदलू नका, भोकं पाडा. लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा अर्ध्या इंचाची सळई घ्या, वापसा असताना कुंडीच्या कडेपासून दोन-तीन इंच आत, चार-चार इंचांवर उभी भोकं पाडा, खोली कुंडीच्या दोन तृतीयांशपर्यंत. सळई सरळ घालायची, गरागरा फिरवायची नाही. मोठ्या मुळाला लागली तर जोर लावू नका, बाजूला सरका. मग त्या भोकांत निम्मं गांडूळखत आणि निम्मं तूस असं कोरडं मिश्रण सोडा आणि काडीने हलकं खाली सारा. वरचा दोन इंच थर खरवडून तिथे पण हेच. पुढच्या वेळी आधीच्या भोकांच्या मधल्या जागा घ्या. असं वर्षातून दोनदा केलं तर दोन-तीन वर्षांत बरीचशी माती बदलून होते आणि झाडाला पत्ताही लागत नाही.

१५. तुळशी वृंदावनातली माती पार दगड झालीय आणि तुळस टिकत नाही, काय करू?

वृंदावनात तीन अडचणी एकदम असतात. बऱ्याच जणांच्या वृंदावनाला खाली भोकच नसतं, रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतंच मग गरज असो नसो, आणि वर दूध, तेल, हळद-कुंकू, उदबत्तीची राख यांचा थर बसतो ज्यातून पाणी मुरत नाही. भोक नसेल तर आधी ड्रिल करून घ्या, सगळ्या उपायांच्या आधी हेच. मग वरचा दीड-दोन इंच थर काढून नवीन मिश्रण भरा, आतल्या मातीला १४ मधली भोकांची पद्धत. तुळशीची मुळं वरवर असतात म्हणून खोडाजवळ हाताने, खुरप्याने नाही.

रोजचं पाणी बंद करा असं मी सांगणार नाही, सासूबाई घरात असतील तर ते शक्यही नाही. पळीभर घाला, नैवेद्याचं दूध बाजूला वाटीत. मंजिऱ्या खुडत राहा म्हणजे फुटवे येतात.

१६. शाडूचा गणपती घरीच बादलीत विसर्जन केला, ती माती कुंडीत घालू का?

घाला पण थोडी. शाडू म्हणजे अतिशय बारीक चिकणमाती, खतमूल्य जवळजवळ शून्य, आणि तोच गाळ ओतला की वर सिमेंटसारखा थर बसतो, त्यानंतर पाणी मुरणं विसरा. विरघळल्यावर पाणी निथळा, गाळ वाळवा, फोडून चाळा आणि एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, सगळ्या कुंड्यांत विभागून घाला. भडक ऑइल पेंट किंवा चमकी असेल तर खायच्या झाडांना नको. खरं तर तीच शाडू मळून पुढच्या वर्षीची मूर्ती होते, तो जास्त चांगला उपयोग.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर ती पाण्यात सहज विरघळत नाही, कुंडीचा विषय सोडा.

१७. माती उकरली आणि दुसऱ्याच दिवशी झाडाने मान टाकली. मेलं का?

बहुतेक नाही. तंतुमुळं तुटली, पानं मात्र तेवढीच पाणी मागताहेत, म्हणून मान पडली. कुंडी तीन-चार दिवस सावलीत, वारा कमी असेल तिथे ठेवा, पाणी बेताचं, सकाळ-संध्याकाळ पानांवर हलका फवारा. फुलं-कळ्या काढून टाका, जास्तच लोंबलं तर फांद्या एक तृतीयांश छाटा. खत अजिबात नको, युरियाचा चमचा तर नकोच, जखमी मुळांना तो जाळतो. आठवड्याभरात कोंब दिसले तर वाचलं. खोडावर नखाने खरवडून बघा, आत हिरवं आहे तोवर आशा सोडू नका.

१८. कोणत्या झाडांची माती उकरायचीच नाही?

लिंबूवर्गीय झाडांची वरवरची मुळं फार, तिथे फक्त खत पसरा आणि पाला झाका. बोगनवेलीला मुळं हलवलेली सहन होत नाहीत. कोथिंबीर, मेथी, पालक पेरल्यावर उकरायचा प्रश्नच नाही, सगळी मशागत आधी. गाजर-मुळ्याला तर आधीच खोलवर, आठ-दहा इंच मोकळी माती हवी, मध्ये खडा किंवा ढेकूळ लागलं की मुळाला फाटे फुटतात. नवीन लावलेली काडी महिना-दीड महिना, आणि कळ्यांनी भरलेलं कोणतंही झाड, हात नको. ऑर्किड मातीत लावलेलंच असू नये, कोळसा आणि झाडाची साल.

हळद आणि आल्याला उलट, दर महिन्याला वरून भुसभुशीत मिश्रणाची भर हवी, उकरायचं मात्र नाही.

१९. गांडुळं सोडली की काम आपोआप होईल ना?

जमिनीत होतं, कुंडीत नाही. मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची कडा इतकी तापते की ती मरतात किंवा भोकातून पळतात. गांडूळखतातून आपोआप आलेली राहिली तर राहू द्या. मात्र उकरताना पांढरा, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला किडा दिसला तर ते गांडूळ नाही, हुमणी आहे, मुळं खाते. कच्च्या शेणखतातून येते. हाताने वेचा आणि पुढच्या वेळी शेणखत चाळून, वास पूर्ण गेलेलंच घ्या.

२०. माती काढली तर मुळांवर गाठीच गाठी! माती फेकू का?

झाड कोणतं ते आधी सांगा. चवळी, वाल, मेथी, घेवडा असेल तर त्या गाठी चांगल्या, त्यात नत्र धरणारे जिवाणू असतात. बोटाने सहज सुटून येतात, कापल्यावर आत गुलाबी दिसतं. ती मुळं कापून मातीतच राहू द्या.

टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरचीच्या मुळावर गाठी असतील आणि त्या सुटत नसतील, मूळच फुगलेलं असेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. अशी माती हलवून दुसऱ्या कुंडीत घालणं म्हणजे रोग वाटणं, आणि खुरपं पण धुवायचं. मुळं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. माती एप्रिल-मेमध्ये ओलसर करून गच्चीवर सहा-आठ इंच थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट लावा, कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे सोडून द्या. काळं प्लास्टिक नको, त्याने खालची माती तेवढी तापत नाही. पूर्ण नायनाट होत नाही पण बराच कमी होतो. मग खत आणि निंबोळी पेंड मिसळून त्यात झेंडू लावा, टोमॅटो पुढच्या वर्षी.

२१. बोअरचं पाणी घालतो, मातीवर पांढरा थर येतो आणि ती कडक होते. जिप्सम टाकू का?

पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार. वरचा अर्धा इंच खरवडून फेका, मग कुंडीच्या मापाच्या दोन-तीनपट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातात. जमलं तर महापालिकेच्या, म्हणजे मुख्यतः गंगापूर धरणाच्या पाण्याने, पावसाळ्यात तर नुसत्या पावसानेच. निचरा नसेल तर हे करू नका, आधी ११ बघा.

जिप्सम द्राक्षवाल्यांमुळे आपल्याकडे प्रत्येक कृषी दुकानात मिळतं म्हणून लोक टाकतात. ते काम करतं तेव्हा, जेव्हा मातीत सोडियम जास्त असतं, कारण जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग सोडियम पाण्याबरोबर बाहेर जातो. नुसती चिकट आहे म्हणून टाकलं तर काही होत नाही, आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर. शेत असेल तर माती-पाणी तपासून घ्या, पाच कुंड्यांसाठी मिश्रण बदलणं स्वस्त पडतं.

२२. सगळं केलं, मिश्रण ८ प्रमाणे, भोकं मोकळी, तरी झाड खुंटलंय. आता?

झाड कुंडीतून उपसून बघा. बऱ्याचदा माती घट्ट नसते, माती उरलेलीच नसते, मुळांचा वेटोळा झालेला असतो. नर्सरीतून आणलेल्या झाडांत तर मधोमध काळ्या किंवा लाल चिकणमातीचा गोळा तसाच असतो, बाहेर तुमचं छान मिश्रण आणि आत दगड, मुळं त्या गोळ्यातून बाहेर यायलाच तयार नाहीत. तो गोळा बादलीत भिजवा, बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी मोकळी करा, गोल फिरलेली मुळं तीन-चार जागी उभी कापा, आणि मग लावा. गुलाब, जास्वंद, मोगरा हे सहन करतात. बोगनवेलीचा गोळा फोडू नका, तसाच मोठ्या कुंडीत उतरवा.

नवी कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी. आठ इंचातून थेट अठरा इंचात टाकलं की मुळं नसलेली ती एवढी माती पाणी धरून बसते आणि भुसभुशीत मिश्रणात पण कूज लागते. लावल्यावर माती तळहाताने दाबून ठोकायची नाही, कुंडी दोनदा जमिनीवर आपटा आणि पाणी द्या, बसायची तेवढी बसते. ऊन कमी पडत असेल, गुलाबाला पाच-सहा तासांपेक्षा कमी, तर मातीत कितीही काम करा, कुंडीची जागा बदलावी लागेल.